पिल्लाच्या बेंबीवरचा फुगवटा

परळीत कुत्र्याची पिल्लं बहुतेक दोन वाटांनी घरात येतात. थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत किंवा मोंढ्याकडच्या एखाद्या ओळखीच्या घरी लॅब्रॅडॉर नाहीतर पॉमेरेनियन कुत्री व्यालेली असते, तिथून एक मागून आणलं जातं. नाहीतर गल्लीतल्या गावठी कुत्रीनं दिवाळीच्या आगेमागे कुठल्यातरी आडोशाला पिल्लं घातलेली असतात, त्यातलं एक मुलं उचलून आणतात. वाट कुठलीही असो, पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू घरात रुळून उताणं लोळायला लागलं की कधीकधी त्याच्या बेंबीच्या जागी एक मऊ उंचवटा हाताला लागतो. पिल्लू उभं राहिलं, भुंकलं, पोटभर दूध प्यालं की तो मोठा होतो. निजलं की लहान होतो, कधी नाहीसाही होतो. मग घरात मतं सुरू होतात. आजी म्हणते, वर नाणं ठेवून पट्टी बांधा. शेजारी म्हणतो, गाठ पिकलीय, फोडून टाका. आणखी कुणी म्हणतं, काही करू नका, आपोआप जाईल. यातल्या पहिल्या दोघांचं अजिबात ऐकू नये आणि तिसऱ्याचं अर्धंच ऐकावं, हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे.

हा उंचवटा म्हणजे नाभीचा हर्निया. तो का होतो हे समजायला थोडं गर्भात डोकवावं लागतं. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. एवढ्या दिवसांत पिल्लाचं सगळं पोषण नाळेतून होतं. नाळेत दोन धमन्या, एक शीर आणि मूत्राशयाकडून निघालेली एक बारीक नळी असते. या सगळ्या पिल्लाच्या पोटाच्या भिंतीतल्या एका गोल छिद्रातून ये-जा करतात. हे छिद्र म्हणजे नाभीचं कडं. गर्भ अगदी लहान असताना तर त्याचं आतडंसुद्धा काही दिवस या कड्यातून बाहेर, नाळेच्या बुडाशी मुक्कामाला असतं, कारण आतडं भराभर वाढतं आणि पोटाची पोकळी तेवढी झालेली नसते. पुढे पोकळी वाढली की आतडं परत आत जातं. म्हणजे बेंबीतून आतडं बाहेर असणं ही प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यातली एक नेहमीची पायरी असते. अडचण होते ती मागून दार लागलं नाही तर.

पिल्लू जन्मलं की कुत्री दातांनी नाळ तोडते. उरलेला तुकडा दोन-तीन दिवसांत वाळून गळतो, रक्तवाहिन्या आकसतात, आणि बटव्याची नाडी ओढावी तसं कड्याचं तोंड मिटत जातं. पोटाचे डावे-उजवे उभे स्नायू मध्यभागी भेटतात तिथे एक पांढरी चिवट पट्टी असते. बेंबी याच पट्टीवर असते, आणि मिटलेलं कडं त्या पट्टीत विरून जातं. ज्या पिल्लात ते पुरतं मिटत नाही त्याच्या पोटाच्या भिंतीत एक झरोका राहतो. वरची कातडी शाबूत असते, त्यामुळे जखम अशी काही दिसत नाही, पण आतलं काहीतरी त्या झरोक्यातून कातडीखाली येऊन बसतं.

ते ‘काहीतरी’ काय आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. बहुतेक लहान हर्नियांत ती फक्त चरबी असते. पिल्लांच्या यकृतापासून बेंबीकडे येणाऱ्या एका पातळ पडद्यात चरबी साठलेली असते, तिचाच टोकाचा भाग बाहेर डोकावतो. कधी आतड्यांवर पसरलेलं चरबीचं जाळं येतं. कडं मोठं असेल तर लहान आतड्याचं एखादं वेटोळंही येऊ शकतं.

हे घरच्या घरी तपासता येतं, आणि प्रत्येकानं ते शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पिल्लू शांत असताना, जेवणानंतर थोडा वेळ जाऊ देऊन, त्याला मांडीवर उताणं घ्या. एका हातानं छातीला आधार द्या. दुसऱ्या हाताच्या बोटानं उंचवटा हलक्या दाबानं आत सारा. तो सहज आत गेला तर बोट तिथेच ठेवा आणि कड्याच्या काठावरून फिरवा. छिद्राची गोल, किंचित टणक कडा बोटाच्या पेराला स्पष्ट जाणवते. ती करंगळीच्या टोकापेक्षा लहान आहे, की बोट आत जाईल एवढी, की दोन बोटं मावतील एवढी, हे लक्षात ठेवा. बाहेरून दिसणाऱ्या फुगवट्याच्या आकारापेक्षा हे माप जास्त महत्त्वाचं, आणि डॉक्टरही आधी हेच बघतात. फुगवटा आत जात नसेल तर जोर लावू नका. मऊ आणि थंड असलेली, न दुखणारी छोटीशी गाठ आत जात नसेल तर बहुधा कडं मिटून गेलेलं असतं आणि चरबीचा एक तुकडा बाहेर अडकून राहिलेला असतो. अशी गाठ कुत्र्याला जन्मभर त्रास देत नाही. तरी ती चरबीच आहे, हे एकदा डॉक्टरांच्या हाताखालून जाऊ द्या.

मापाबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. सगळ्यात मोठं छिद्र सगळ्यात घातक, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन बोटं मावतील एवढ्या कड्यातून आतडं मोकळेपणानं बाहेर येतं आणि तसंच परत जातं. करंगळीच्या टोकाएवढ्या कड्यातून आतडं येतच नाही, फक्त चरबी येते. सगळ्यात जास्त काळजी करायची ती मधल्या मापाची, जिथे कडं जवळपास आतड्याच्या जाडीएवढं असतं. वेटोळं एकदा त्यातून घसरून बाहेर आलं, त्यात वायू किंवा अन्न भरलं, की ते फुगतं आणि आलेल्या वाटेनं परत जाऊ शकत नाही. मग कडं त्याला आवळायला लागतं. शिरांतला दाब कमी असतो, म्हणून आधी त्या दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं पण बाहेर पडत नाही, सूज वाढते, सुजेमुळे आवळ आणखी घट्ट होतो आणि शेवटी धमनीही बंद पडते. रक्त न मिळालेलं आतडं काही तासांतच काळं पडून मरायला लागतं. त्यातले जंतू आणि विष रक्तात गेले की पिल्लू वाचवणं फार अवघड होतं.

म्हणून ही लक्षणं दिसली की सकाळची वाट बघत बसू नये: कालपर्यंत मऊ असलेला आणि आत जाणारा फुगवटा आज घट्ट झालाय, आत जात नाही, हात लावला की पिल्लू कळवळतं, तो गरम लागतो, वरची कातडी लाल किंवा जांभळट दिसते. त्यात उलट्या, अन्नावरची वासना उडणं, पोट फुगणं, कोपऱ्यात मलूल पडून राहणं यातलं काही असेल तर शंकाच नको. अशा वेळी खायला-प्यायला काही देऊ नका, कारण बहुधा भूल द्यावी लागणार आहे. माणसांच्या दुखण्याची गोळीही देऊ नका. आपल्या घरातली आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असते.

आता नाण्याबद्दल आणि चाकूबद्दल. तान्ह्या बाळाची बेंबी वर आली की तिच्यावर नाणं ठेवून फडकं बांधायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बाळांच्या डॉक्टरांनी ती कधीच सोडायला सांगितली आहे, कारण कडं आतून मिटतं आणि बाहेरच्या दाबानं ते लवकर मिटत नाही. बाळांचे बहुतेक नाभीचे हर्निया चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप जातात, आणि श्रेय नाण्याला मिळतं. पिल्लाच्या बाबतीत नाणं जास्त वाईट. त्याची कातडी पातळ, पट्टीखाली घाम नसला तरी लघवीचा ओलावा आणि माती जाते, कातडी सोलवटते, सडते. पट्टी घट्ट असेल तर पिल्लाला नीट श्वास घेता येत नाही. आणि नाण्याखाली आतडं अडकलेलं असलं तर ते दिसतच नाही, ही सगळ्यात मोठी भीती.

चाकूचा सल्ला येतो तो एका खऱ्या अनुभवातून, म्हणूनच तो जास्त धोक्याचा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वासराची बेंबी नवी नाही. देवणी असो, लाल कंधारी असो की संकरित, गाय व्याली की वासराची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची हे जाणत्या घरात ठाऊक असतं. तसं केलं नाही तर बेंबी पिकते, जंतू रक्तातून सांध्यांत जातात, वासराचे गुडघे सुजतात. पिकलेली बेंबी फोडून पू काढला की वासराला बरं वाटतं, हेही गोठ्यात पाहिलेलं असतं. पण पिल्लाच्या बेंबीवरचा मऊ, थंड, न दुखणारा, आत जाणारा फुगवटा पुवाचा नसतो. तिथे ब्लेड लावलं तर पू न येता आतडं बाहेर येईल. वासरांनाही नाभीचा हर्निया होतो आणि कधीकधी एकाच वासरात गळूही असतं नि हर्नियाही. म्हणून डॉक्टर आधी हातानं चाचपतात, गरज पडली तर सोनोग्राफी करतात, मगच सुई किंवा सुरी हातात घेतात. बेंबीजवळची कुठलीही गाठ घरी, किंवा डॉक्टर नसलेल्या माणसाकडून, फोडून घेऊ नये.

‘आपोआप जाईल’ म्हणणारा माणूस अर्धा बरोबर आहे, असं मी म्हटलं. एक सेंटिमीटरपेक्षा लहान कडं असलेला हर्निया पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत पुष्कळदा खरोखरच मिटतो. काही पिल्लांत तो सहाव्या महिन्यापर्यंत मिटत राहतो. त्यानंतर कडं मिटेल अशी आशा धरू नये. अडीच सेंटिमीटरच्या आसपासचं छिद्र आपोआप बंद होत नाही, त्याला टाका लागतोच. तेव्हा वाट पाहायची ती डोळे उघडे ठेवून. रोज एकदा बोटानं तपासायचं, आठवड्यातून एकदा माप आणि तारीख लसीच्या कार्डावर लिहायची. या नोंदीचा डॉक्टरांना फार उपयोग होतो. कडं आठवड्यागणिक लहान होतंय की पिल्लाबरोबर वाढतंय, हे एका भेटीत त्यांना कळू शकत नाही, कार्डावरच्या चार ओळींवरून कळतं.

या काळात जंतांचं औषध वेळेवर द्यायला हवं. गोल जंत कुत्रीच्या पोटातूनच पिल्लांत येतात, म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी देतात. जंतांनी हर्निया होत नाही, पण जंतांनी तटतटलेलं पोट आतून कड्यावर दाब देत राहतं. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठही तेच करतात.

आपल्या भागात ऋतूचं गणितही मांडावं लागतं. गल्लीतल्या कुत्र्यांची पिल्लं मुख्यतः पावसाळा सरल्यावर आणि थंडीत होतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही त्याच सुमारास बीड जिल्ह्यातून बाहेर पडतात. पिल्लू टोळीबरोबर गेलं तर तपासणी कारखान्याच्या गावी कोण करणार, हे आधी ठरवावं. मागे राहिलं तर ज्याच्या भरवशावर ठेवलं त्याला बोटाची तपासणी शिकवून जावं. कार्तिकात जन्मलेलं पिल्लू महाशिवरात्रीच्या सुमारास तीन महिन्यांचं होतं. वैद्यनाथाच्या यात्रेच्या गडबडीत एवढं एक काम करून घ्यावं: त्या आठवड्यात पिल्लाला डॉक्टरांना दाखवावं. हर्निया मिटायची चिन्हं नसतील तर फाल्गुनातच शस्त्रक्रिया उरकणं बरं. सहा महिने भरायची वाट पाहिली तर तो दिवस वैशाखात येतो. परळीच्या त्या उन्हात ताजे टाके असलेलं जनावर सांभाळणं, त्याला भुलीतून उतरताना गारव्यात ठेवणं, पाणी कमी पडू न देणं हे सगळं जास्त कठीण होतं.

दाखवायचं कुठे? साधी तपासणी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. 1962 हा क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, तो मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी असला तरी जवळ कोण डॉक्टर आहेत हे विचारायला उपयोगी पडतो. शस्त्रक्रियेसाठी मात्र भूल, ऑक्सिजन आणि सहायक लागतात, ते सगळं गावात मिळेलच असं नाही. माणसाला हर्निया झाला तर परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुत्र्याला अजून लांब जावं लागतं. पण परळी जंक्शनवरून निघणारे दोन रेल्वेमार्ग थेट दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या गावी जातात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. एक गंगाखेडवरून परभणीला, जिथलं महाविद्यालय 1972 सालचं आहे. दुसरा घाटनांदूर, लातूर रोडवरून उदगीरला. दोन्ही महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची, आणि दोन्हींच्या चिकित्सालयांत विद्यार्थ्यांना शिकवत शस्त्रक्रिया होतात. खुद्द परळीतही पशुवैद्यकीय महाविद्यालय काढायला राज्य मंत्रिमंडळानं 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. ते उभं राहीपर्यंत शहाणपणा यात आहे, की हर्निया लक्षात आला त्याच आठवड्यात परभणी किंवा उदगीरला फोन करून वेळा, वार, तातडीची सोय विचारून ठेवावी. आतडं अडकल्यावर रात्री नऊ वाजता पत्ते शोधत बसण्यात जे तास जातात, त्यांतच पिल्लू हातचं जातं.

लसी पूर्ण न झालेलं पिल्लू दवाखान्यात नेताना त्याला जमिनीवर सोडू नये. पार्वो या रोगाचे विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतात. हर्निया दाखवायला नेलं आणि पार्वो घेऊन आलं, असं घडायला एवढंसं कारण पुरतं. टोपलीत किंवा मांडीवरच ठेवावं.

शस्त्रक्रिया ऐकायला मोठी वाटते, पण वेळेत केली तर ती पोटाच्या साध्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. पूर्ण भूल देतात. पोटावरचे केस काढून कातडी निर्जंतुक करतात. फुगवट्यावर छेद घेऊन कातडीखालची पिशवी मोकळी करतात, आतलं जे असेल ते पोटात सारतात, बाहेर आलेली चरबी बहुधा कापून टाकतात. मग कड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवून टाके घालतात. हे टाके सावकाश विरघळणाऱ्या धाग्याचे असतात, कारण पोटाच्या पांढऱ्या पट्टीला पुन्हा ताकद यायला बरेच आठवडे लागतात आणि तोवर धाग्यानं धरून ठेवायचं असतं. फार मोठं छिद्र असेल तर जाळी बसवावी लागते, पण पिल्लांत ती वेळ क्वचित येते. आतडं मेलेलं असेल तर गोष्टच बदलते. तेवढा भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात, त्यात धोका आणि खर्च दोन्ही कितीतरी पटींनी वाढतात.

फार लहान पिल्लाला भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवू नका. त्याच्या अंगात साखरेचा साठा थोडा असतो, तो लवकर संपतो. किती तास उपाशी ठेवायचं हे डॉक्टर वयाप्रमाणे सांगतात, ते तंतोतंत पाळावं. म्हणूनच तातडी नसेल तर डॉक्टर चार ते सहा महिन्यांचं वय पसंत करतात. घरी आणल्यावर दहा ते चौदा दिवस उड्या, जिने, मुलांबरोबरची मस्ती बंद. टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात कोन घालावाच लागतो. कुत्र्याची लाळ जखम बरी करते हा समज टाके उसवतो, दुसरं काही करत नाही. हळद, तेल, राख काही लावू नये, आंघोळ घालू नये. टाक्यांखाली थोडी सूज पहिल्या आठवड्यात येऊ शकते. ती वाढत गेली, ओली झाली किंवा दुखायला लागली तर परत दाखवावं.

हर्निया का होतो, याचं उत्तर लोक बहुधा बाळंतपणात शोधतात: कुत्रीनं नाळ जोरात ओढली, कुणीतरी नाळ अगदी पोटाजवळ कापली. नाळेला हिसका बसू नये हे खरंच. कुत्री नाळ तोडत नसेल तर पोटापासून दोनेक सेंटिमीटर अंतर ठेवून स्वच्छ दोरा बांधावा, त्यापलीकडे कापावं आणि टोकाला आयोडीन लावावं. पण बहुतेक हर्निया रक्तातून आलेले असतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांच्या नोंदींवरून हेझ या संशोधकानं 1974 मध्ये दाखवलं, की एअरडेल, बसेंजी, पेकिनीज, पॉइंटर आणि वायमारानर या जातींत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. एकाच जनुकाचा हा दोष नसावा, अनेक जनुकं मिळून तो घडवतात, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या आई-बापांच्या पोटीही असं पिल्लू निपजतं. काही नरांत त्याबरोबर एक वृषण खाली न उतरण्याचा दोषही सापडतो, तोही त्याच वेळी तपासून घ्यावा.

म्हणून मोठा हर्निया असलेल्या, किंवा ज्याचा हर्निया शिवून बंद केलाय अशा कुत्र्याची पैदास करू नये. टाक्यांनी त्याचं पोट बंद होतं, पुढच्या पिढीत जाणारा वारसा बंद होत नाही. हे पैदास करणाऱ्यांना कटू वाटतं, कारण शस्त्रक्रियेनंतर दोष दिसत नाही आणि पिल्लं विकली जातात. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि हे घेणाऱ्याच्या फायद्याचं आहे. दोन महिन्यांच्या वयात हर्निया असला तर दिसतोच. पैसे देण्याआधी पिल्लाला उताणं करून बेंबीवर बोट फिरवा. लहान हर्निया असलेलं पिल्लू घेऊच नये असं मी म्हणणार नाही, ते उत्तम सोबती होतं. पण माहीत असून घ्यावं आणि त्याची नसबंदी करायची हे त्याच दिवशी ठरवावं.

नसबंदी आणि हर्निया एकाच भुलीत उरकता येतात, आणि हा मार्ग सगळ्यात चांगला. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी तर तोच एक व्यवहार्य मार्ग आहे, कारण मोकळ्या जनावराला दोनदा पकडणं कुणाला जमत नाही. एक गोष्ट मात्र आधी सांगावी लागते. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीत मादीचा छेद बऱ्याच ठिकाणी कुशीतून घेतात, तेव्हा बेंबीकडे हात जातच नाही. पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतला तर त्याच छेदातून गर्भाशयही काढता येतं आणि नाभीचं कडंही शिवता येतं. तेव्हा कुत्री पकडून नेणाऱ्यानं तिच्या बेंबीवर फुगवटा आहे हे डॉक्टरांना तोंडी सांगावं, आणि तिच्या गळ्यातल्या चिठ्ठीवरही लिहून द्यावं. भूल दिल्यावर आणि कुशीवर झोपवल्यावर तो फुगवटा आत गेलेला असतो, दिसत नाही.